सायकल कशी असावी, हे कोण ठरवतं?

१९३७ सालापर्यंत टूर दी फ्रान्स या शर्यतीत गिअर बदलणारी सायकल चालवायला बंदी होती. तंत्र हाताशी नव्हतं, असं मुळीच नाही. त्याआधी कितीतरी वर्षं फ्रान्समध्येच गिअर बदलायच्या यंत्रणा बनत होत्या, विकल्या जात होत्या आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरात फिरायला जाणारी साधी माणसं त्या वापरतही होती. बंदी होती ती जगातल्या सर्वांत तगड्या सायकलपटूंना. त्यांच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांच्या चकत्या असत. घाट लागला की खाली उतरायचं, नट ढिले करायचे, चाक काढून उलटं बसवायचं आणि पुन्हा पॅडल मारायला लागायचं. माथ्यावर पोचल्यावर उताराआधी परत तेच.

ही अट घातली होती शर्यतीचे जनक आन्री देग्रांज यांनी. बदलते गिअर पंचेचाळिशी ओलांडलेल्यांनी वापरावेत, तरुणाने स्वतःच्या स्नायूंच्या जोरावर जिंकावं, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी १९०२ सालीच छापून टाकलं होतं. यात तत्त्व होतं तसा धंदाही होता. देग्रांज हे ‘लोतो’ या क्रीडा दैनिकाचे संपादक, आणि १९०३ साली टूर सुरू झाली ती पेपरचा खप वाढवण्यासाठी. पेपर खपतो तो माणसाच्या हालअपेष्टांवर. सुरळीत चाललेल्या यंत्रावर मथळा कोण देणार?

सायकल हे यंत्र जगभर सारखंच: दोन चाकं, एक चेन, एक सीट. तरीही कोणती सायकल ‘खरी’, कोणती शर्यत ‘सभ्य’ आणि कोणतं सामान म्हणजे ‘लबाडी’, याची उत्तरं देशागणिक बदलतात. ती उत्तरं इंजिनिअरांनी दिली असतील असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा पेपरवाल्यांनी, पोलिसांनी आणि जुगाऱ्यांनी दिलेली आहेत.

देग्रांज यांच्या नियमांचा कडेलोट पाहायचा तर १९१३ ची टूर पाहावी. पिरेनीज पर्वतातल्या तूर्माले घाटाच्या उतारावर यूजेन क्रिस्तोफच्या सायकलचा पुढचा चिमटा तुटला. सायकल घेऊन दहा किलोमीटरहून अधिक अंतर पायी उतरत तो सेंत-मारी-द-काँपाँ या गावी आला. गावात लोहाराची भट्टी होती, लोहारही होता. पण नियम असा, की दुरुस्ती ज्याची त्याने करायची. मग क्रिस्तोफनेच निखाऱ्यात लोखंड तापवलं, घण हाणला आणि चिमटा जोडला. पंच शेजारी उभे राहून पाहत होते. एका हाताने लोखंड धरून दुसऱ्या हाताने भाता चालवणं जमेना, म्हणून एका पोराने भाता मारला. ही ‘बाहेरची मदत’ झाली! क्रिस्तोफला त्याबद्दल वेळेचा दंड झाला. त्या दिवशी त्याचे काही तास गेले आणि जिंकायची संधीही गेली. फ्रेंच लोकांनी मात्र त्याला विजेत्यांपेक्षा जास्त लक्षात ठेवलं. गावात आज त्याच्या नावाची पाटी आहे.

त्याच फ्रान्समध्ये सायकलचा दुसरा एक पंथ होता, आणि मला विचाराल तर जास्त शहाणा. सेंत-एतिएन या औद्योगिक शहरात पॉल द व्हिव्ही नावाचे गृहस्थ राहत. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने ते १८८७ पासून सायकलवर मासिक काढत होते. त्यांचा आग्रह असा, की गिअर अनेक हवेत, टायर जाड हवेत आणि माणसाने शर्यत न लावता दिवसभर डोंगर पाहत हिंडावं. त्यांच्या वाचकांत शिक्षक होते, कारकून होते, कारागीर होते. या मंडळींसाठी फ्रान्समध्ये पुढे सायकल बांधणाऱ्या कारागिरांची एक परंपराच उभी राहिली. पॅरिसजवळचे आलेक्स सिंजे आणि रने एर्स ही त्यातली मोठी नावं. १९३० आणि ४० च्या दशकांत तिथे सायकलींच्याच परीक्षा होत. खराब रस्त्यांवरून शेकडो किलोमीटर चालवून काय मोडतं, काय ढिलं होतं, वजन किती भरतं, यावर गुण दिले जात. मडगार्ड आणि दिवे असलेली, प्रवासाला निघायला पूर्ण तयार अशी सायकल सिंजे यांनी सात किलोच्या आसपास वजनात बांधून दाखवली होती. आज लाखो रुपयांची कार्बनची सायकल साधारण तेवढीच भरते, आणि तिला ना मडगार्ड असतात ना दिवे.

या दोन पंथांना जोडणारी एक गोष्ट अजून चालू आहे. १८९१ साली एका दैनिकाने पॅरिसहून ब्रेस्तला जाऊन परत यायची सुमारे १२०० किलोमीटरांची शर्यत घेतली. शार्ल तेरों याने ती ७१ तास २२ मिनिटांत जिंकली. शर्यत म्हणून ती विसाव्या शतकाच्या मध्यात संपली. पण हौशी स्वारांची पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस आजही दर चार वर्षांनी होते. मुदत ९० तास. मुदतीत पोचला तो पास. पहिला कोण आला याला किंमत नाही. वाटेतल्या खेड्यांत लोक रात्री घराबाहेर टेबलं मांडून कॉफी, पाणी, केक घेऊन बसलेले असतात. पैसे घेत नाहीत. वारीच्या वाटेवर भाकरी-पिठलं घेऊन उभी राहणारी गावं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना याचं नवल वाटणार नाही.

खाडीपलीकडे, ब्रिटनमध्ये, सगळा मामला पोलिसांनी फिरवला. तिथे सायकलच्या शर्यतींनी घोडागाड्यांचे घोडे बुजतात अशा तक्रारी होत्या आणि पोलीस कारवाई करू लागले होते. सगळ्या सायकलिंगवरच बंदी येईल या धास्तीने सायकलस्वारांच्या राष्ट्रीय संघटनेने १८९० मध्ये स्वतःच सार्वजनिक रस्त्यांवरच्या शर्यतींवर बंदी घातली. हौस काही तेवढ्याने मरत नाही. १८९५ मध्ये फ्रेडरिक बिडलेक यांनी पळवाट काढली. सगळ्यांना एकत्र सोडायचंच नाही. एकेकाला ठरावीक अंतराने एकटं सोडायचं आणि घड्याळ लावायचं. रस्त्यावर पाहणाऱ्याला वाटावं, कोणीतरी एकटा इसम जरा घाईत कामावर निघालाय.

या चोरट्या शर्यतीचे रिवाज पुढे पन्नास-साठ वर्षं टिकले. स्वार पहाटे, रस्ता निर्मनुष्य असताना सुटत. खांद्यापासून घोट्यापर्यंत काळे कपडे, म्हणजे नजरेत भरायला नको. कार्यक्रमपत्रिकेवर ‘खासगी व गोपनीय’ असा शिक्का. मार्गाचं नाव छापायचं नाही, फक्त सांकेतिक क्रमांक द्यायचा. आज बंदी राहिलेली नाही, पण ते क्रमांक मात्र राहिले आहेत. हल शहराजवळचा ‘व्ही ७१८’ हा मार्ग विक्रमांसाठी प्रसिद्ध आहे. घड्याळाशी एकट्याने झुंजायचं तर गिअरचं फारसं अडत नाही. सपाट रस्ता, एकच गिअर आणि पॅडल थांबवताच न येणारं घट्ट बसवलेलं मागचं चाक, अशा सायकलींवर ब्रिटिश स्वार युद्धानंतरही बराच काळ धावत राहिले.

त्या जगाचं सगळ्यात उंच शिखर म्हणजे बेरिल बर्टन. यॉर्कशायरमध्ये रूबार्बच्या शेतावर राबणारी ही बाई आयुष्यभर हौशी राहिली आणि सात वेळा जगज्जेती झाली. सप्टेंबर १९६७ मध्ये बारा तासांच्या एका शर्यतीत पुरुष पुढे सुटले होते, बायका त्यांच्या मागून. बर्टन एकेकाला गाठत गेली. शेवटी उरला माइक मॅकनमारा, जो त्याच दिवशी पुरुषांचा राष्ट्रीय विक्रम मोडायच्या मार्गावर होता. तिने त्याला गाठलं, खिशातून ज्येष्ठमधाची एक गोळी काढून त्याच्यापुढे केली आणि निघून गेली. त्याने ती घेतली. त्याने विक्रम केला २७६.५२ मैलांचा; तिचे भरले २७७.२५. ब्रिटिश महिलांमध्ये तो आकडा मोडायला २०१७ साल उजाडावं लागलं. एवढी अफाट बाई तिच्याच देशातल्या सर्वसामान्य लोकांना फारशी ठाऊक नव्हती. पहाटेच्या शर्यतीला प्रेक्षक कुठून येणार?

ही कोंडी फोडायला एक बंडखोर लागला. वुल्व्हरहॅम्प्टनचे पर्सी स्टॅलर्ड १९३३ मध्ये फ्रान्समधली जागतिक स्पर्धा खेळून आले होते, आणि घोळक्याने होणारी शर्यत काय चीज असते हे त्यांनी अंगावर अनुभवलं होतं. १९४२ मध्ये पेट्रोलच्या टंचाईने रस्ते ओस पडले होते. ७ जूनला त्यांनी वेल्समधल्या लँगोलनपासून वुल्व्हरहॅम्प्टनपर्यंत ५९ मैलांची शर्यत उघडपणे घेतली. पोलिसांना आधी सांगितलं होतं आणि त्यांनी हरकत तर घेतली नाहीच, उलट शेवटी जमलेली गर्दी आवरली. हरकत घेतली सायकल संघटनेने! स्टॅलर्ड निलंबित झाले. त्यांनी वेगळी लीग काढली आणि पुढची सतराएक वर्षं ब्रिटिश सायकलिंगमध्ये उभी फूट पडली. १९५९ मध्ये दोन्ही गट एक झाले. पोलिसांच्या भीतीने घातलेली बंदी पोलिसांना नको झाल्यावरही संघटनेने जपावी, हे आपल्याकडच्या सोसायटीच्या कमिटीतल्या कोणालाही पटकन समजेल.

बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात असल्या शंका कधी आल्याच नाहीत. तिथे गावजत्रेत चर्चभोवतीच्या रस्त्यांवर शर्यत होते, बुकी खडूने फळ्यावर भाव लिहितात आणि पाऊस पडला तर लोकांना बरंच वाटतं. दगडी फरसबंदीच्या चढणी हाच तिथला अभिमानाचा विषय. ब्रुसेल्समधल्या एका मेट्रो स्थानकाला सायकलपटू एडी मर्क्सचं नाव आहे, आणि १९७२ मध्ये त्याने एका तासात ४९.४३१ किलोमीटर कापले ती सायकल तिथे काचेमागे ठेवली आहे. इटलीत गोष्ट थेट देवळात पोचते. कोमो सरोवराजवळच्या घिसाल्लो टेकडीवरच्या मरियमच्या छोट्या देवळाला १९४९ मध्ये पोपनी सायकलस्वारांचं दैवत म्हणून मान्यता दिली. आत भिंतींवर विजेत्यांच्या सायकली टांगल्या आहेत. इटालियन माणूस सायकलच्या सुट्या भागांवर दागिन्यासारखं प्रेम करतो. तोस्कानात दर वर्षी ‘लेरोइका’ नावाची जुन्या सायकलींची फेरी निघते. तिथे १९८७ पूर्वीचीच शर्यतीची सायकल चालते, गिअरचे दांडे फ्रेमच्या नळीवरच हवेत आणि ब्रेकच्या तारा हँडलवरून मोकळ्या गेलेल्या हव्यात. मातीचे पांढरे रस्ते वाचवण्यासाठी १९९७ मध्ये सुरू झालेल्या या फेरीला आता जगभरातून लोक येतात.

सामानाच्या बाबतीत सर्वांत कडक देश मात्र युरोपात नाही. जपानमध्ये १९४८ मध्ये कोकुरा शहरात ‘केइरिन’ सुरू झाली. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या नगरपालिकांना पैसा हवा होता, म्हणून सायकलच्या शर्यतींवर कायदेशीर जुगार. नऊ स्वार, प्रत्येकाचा ठरलेला रंग: एक नंबर पांढरा, दोन काळा, तीन लाल. एक गिअर, ब्रेक नाहीत. पुरुषांच्या पारंपरिक केइरिनमध्ये फ्रेम आजही स्टीलचीच, आणि फ्रेमपासून पॅडलपर्यंतच्या भागांवर ठरलेल्या संस्थेचा शिक्का लागतो. शर्यतीच्या दिवसांत स्वारांना वसतिगृहात ठेवतात आणि फोन काढून घेतात. हा कडेकोट बंदोबस्त कोणासाठी? पैसे लावणाऱ्यासाठी. त्याला माणसावर पैसे लावायचे आहेत. कोणाकडे भारी चाक आहे, हा हिशेब त्याच्या डोक्याला नको. देग्रांज यांनी शौर्यासाठी जे केलं तेच जपानने सट्ट्यासाठी केलं, आणि दोघांचं उत्तर एकच निघालं: साधी, एका गिअरची सायकल. गंमत अशी, की २००० नंतर अमेरिका-युरोपातल्या शहरी तरुणांना याच शिक्क्याच्या फ्रेमचं वेड लागलं. ब्रेक नसलेली ती सायकल घेऊन ते भर वाहतुकीत शिरले. जपानमध्ये तशी सायकल रस्त्यावर चालवणं बेकायदा आहे.

अमेरिकेचा स्वभाव याच्या अगदी उलटा. तिथे परंपरेचा धागाच तुटला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या सायकल शर्यती जगात गाजत होत्या. मेजर टेलर हा कृष्णवर्णीय स्वार १८९९ मध्ये जगज्जेता झाला. मग मोटारी आल्या आणि सायकल मुलांचं खेळणं होऊन बसली. परंपरा नसली की भीडही राहत नाही. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मरीन परगण्यात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या पोरांच्या सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यती लावू लागले. साडेतीन किलोमीटरांत सुमारे चारशे मीटर उतार. खाली पोचेपर्यंत मागच्या हबमधला ब्रेक इतका तापे की आतलं ग्रीस धूर होऊन जाई आणि दर वेळी नवं भरावं लागे. माउंटन बाइक जन्मली ती या धुरातून.

हीच बेपर्वाई १९८९ मध्ये पॅरिसला जाऊन भिडली. टूरचा शेवटचा दिवस, २४.५ किलोमीटर, एकट्याने घड्याळाविरुद्ध. फ्रान्सचा लोराँ फिन्यों ५० सेकंदांनी पुढे होता. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने हँडलवर पुढे आलेले दोन दांडे लावले होते, ज्यांवर कोपर टेकून छाती खाली घेता येते. हे दांडे आले ट्रायथलॉनमधून, आणि युरोपातल्या जुन्या खेळाडूंच्या लेखी ट्रायथलॉन म्हणजे पोरखेळ. फिन्योंच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, मागे पोनीटेल उडत होती. लेमाँडने ताशी ५४.५ किलोमीटरच्या वेगाने अंतर कापलं आणि टूर जिंकली ८ सेकंदांनी. दुसऱ्या वर्षीपासून तसे दांडे सर्रास दिसू लागले. तरी वरची मंडळी बिथरतात ती बिथरतातच. १९९३ मध्ये स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्री याने घरी बांधलेल्या, वॉशिंग मशिनच्या बेअरिंग बसवलेल्या सायकलवर एका तासाचा जागतिक विक्रम केला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याची बसण्याची पद्धत बाद ठरवली.

नेदरलँड्समध्ये माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचा वेगाशी काही संबंध नाही. पूर्ण चेनकव्हर, मडगार्ड, कॅरिअर, दिवा, पाठ ताठ ठेवून बसायची सीट. हेल्मेट घालतो तो शर्यतीची सायकल चालवणारा; भाजी आणायला निघालेली आजी घालत नाही. फिरण्याची हौस असणाऱ्यांसाठी तिथे आणि शेजारच्या बेल्जियममध्ये रस्त्यांच्या फाट्यांना क्रमांक दिले आहेत. कागदावर १२, ४७, ८ एवढं लिहून घ्यायचं आणि पाट्या पाहत जायचं. ही कल्पना ह्यूगो बॉलन या खाण इंजिनिअरची. कोळशाच्या खाणीत भुयारांच्या फाट्यांना क्रमांक असतात, ते त्यांनी वर रस्त्यावर आणले. पहिलं जाळं १९९५ मध्ये बेल्जियमच्या लिंबर्ग प्रांतात झालं.

त्या डच सायकलकडे नीट पाहिलं तर ती आपल्या आजोबांचीच सायकल निघते. दोन्हींचा पूर्वज एकच, इंग्लंडचा काळा रोडस्टर. आपल्याकडे हर्क्युलस आणि रॅले आल्या त्या त्याच घराण्यातल्या. तिकडे त्या सायकलवरून पंतप्रधानही कामावर गेलेले आहेत. इकडे ती दूधवाल्याची आणि गिरणी कामगाराची ठरली आणि स्कूटर आल्याबरोबर अडगळीत गेली. शर्यतीची हौस मात्र जुनी आहे. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून मिरवायला मिळे, आणि घाटात त्याला बघायला गर्दी होई.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत पुणे, नाशिक, मुंबई, नागपूर इथे जी नवी हौस वाढली, तिने निवड केली फ्रेंच ब्रेव्हेची, म्हणजे पॅरिस-ब्रेस्त-पॅरिससारख्या, ठरल्या मुदतीत पुऱ्या करायच्या लांब फेऱ्यांची. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. चारही एका हंगामात केले की ‘एसआर’, म्हणजे ‘सुपर रँडोनर’ हा किताब. हे इथे का रुजलं, याचं उत्तर ब्रिटनच्या पहाटेच्या शर्यतीत सापडतं. रस्ता बंद करावा लागत नाही, पोलीस बंदोबस्त लागत नाही, प्रायोजक लागत नाही, आणि पहिला नंबर नसल्यामुळे कायद्याच्या दृष्टीने ती शर्यतही नव्हे. या वाटेने गेलेल्यांनी मोठी मजल मारली. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये जोडीने अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४८०० किलोमीटरांची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने केली. पॅरिस-ब्रेस्त-पॅरिसलाही आता शेकडो भारतीय जातात.

नियम आपण फ्रान्सकडून घेतले. सायकल मात्र घेतली कॅलिफोर्नियाच्या डोंगरातली किंवा टूर दी फ्रान्समधली. दुकानात पाहा: ‘गिअरची सायकल’ म्हणून जी उभी असते, तिला पुढे शॉकअॅब्सॉर्बर असतो, पण मडगार्ड नसतो, कॅरिअर नसतं, दिवा नसतो. धूर काढत डोंगर उतरणाऱ्या पोरांना मडगार्ड नको होते आणि पाठीमागे मदतीची गाडी असलेल्या व्यावसायिक स्वारालाही ते नको असतात. चार महिने पाऊस झेलणाऱ्या, खड्ड्यांतलं पाणी पाठीवर उडवून घेणाऱ्या महाराष्ट्राने ते का सोडावेत, याचं कारण मला तरी सापडलेलं नाही. तेव्हा पुढची सायकल घेताना गिअर सात की एकवीस, यावर दुकानदाराशी तासभर घालवू नका. आधी मडगार्ड बसवून मागा, जाड टायर मागा आणि मागे लाल दिवा लावून घ्या. मग गिअरचं बोला.